सहीखालची रेघ

माझे सासरे जन्मल्यावर रडले नव्हते, रडण्यास परवानगी मिळावी म्हणून त्यांनी सुईणीकडे अर्ज दिला होता, असं धाराशिवात त्यांचे विरोधक सांगतात. त्यांचे कार्यकर्तेही हेच सांगतात, फक्त आधी आजूबाजूला बघून. पुष्कळ वर्षं ते आमदार होते, मधे काही महिने राज्यमंत्रीही झाले, आणि या सगळ्या काळात त्यांनी एकही महत्त्वाची गोष्ट तोंडी केली नाही. सगळे त्यांना साहेब म्हणतात. घरातही ते साहेबच. सभेत उभे राहिले तर तास-दीड तास सहज बोलायचे, पण भाषणाला ते बोलणं मानतच नसत. "बोललेलं समोरचा वाकवतो," ते सांगायचे, "लिहिलेलं वाकत न्हाय. लई तर फाटतंय." राजकारणात हे खरंच असावं. एखाद्या गावात ते नुसतं "बघू" म्हणाले, की शेजारच्या गावात "साहेबांनी शब्द दिला" अशी बातमी पोचायची आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी त्या शब्दाचा जाब विचारायला दारात उभा राहायचा. तेव्हापासून त्यांनी शब्द देणं सोडलं आणि लेटरपॅड धरलं. अडचण एवढीच झाली, की बैठकीतून आत जाताना आपण चपला काढतो, तसं लेटरपॅडही बाहेर काढून ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

अधिवेशनासाठी मुंबईला गेले, की आमदार निवासातून सासूबाईंना पत्र यायचं. इतर आमदार घरी फोन करत. साहेबही करत, पण फोनवर ते "पत्र पाठवलंय" एवढंच सांगून ठेवून देत. पत्रावर जावक क्रमांक असायचा, खाली "प्रति, सौ. कलावतीबाई", मग "विषय : गुडघेदुखीबाबत", आणि मग मजकूर. "महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या गुडघ्यास सकाळ-सायंकाळ तिळाच्या तेलाने मालीश करण्यात यावे. माळवदावर चढून पापड वाळत घालण्याचे काम अन्य व्यक्तीकडे सोपवावे." माझी बायको सुनंदा पुण्याला वसतिगृहात होती तेव्हा तिलाही अशीच पत्रं यायची. "आपले गुणपत्रक अवलोकनी आले. गणित विषयात सुधारणा अपेक्षित आहे." डाव्या कोपऱ्यात "प्रत माहितीसाठी : मातोश्री". तिच्या मैत्रिणी हे पत्र खोलीत खुर्चीवर उभ्या राहून वाचायच्या. पुढं आमचा मुलगा जन्मला, तेव्हा दवाखान्यात जे पहिलं पाकीट आलं त्यावर पत्ता होता, "नवजात चिरंजीव, प्रसूतिकक्ष". आत "आपल्या आगमनाने कुटुंबाच्या कार्यास बळ मिळाले आहे" असं लिहिलं होतं. सुनंदानं ते कौतुकानं बाळाच्या शेजारी ठेवलं आणि बाळानं ते दुपारपर्यंत ओलं करून टाकलं. मी हे साहेबांना कळवलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे पोच मिळाली."

घरात असले तरी हाच प्रकार. बैठकीतून स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर, पण हाक मारतील तर शपथ. त्यांचे पीए गफूरभाई हातात कागद घेऊन माजघराच्या उंबऱ्याशी यायचे, खाकरायचे आणि वाचून दाखवायचे, "कालच्या आमटीत मिठाचे प्रमाण अधिक आढळून आले." सासूबाई चुलीपुढून न उठता सांगायच्या, "गफूरभाई, साहेबांस्नी म्हणावं, आज कमी टाकलंय. लेखी पाहिजे आसंल तर भाकरीवर लिहून पाठवते." गफूरभाई यातलं पहिलं वाक्य तेवढं बाहेर पोचवायचे. या माणसानं सगळी हयात साहेबांच्या शेजारच्या टेबलावर काढली. शिक्षण उर्दूतून झालेलं, पण मराठी अक्षर असं की छापलेलं वाटावं. साहेबांच्या घरातली निम्मी भांडणं केवळ गफूरभाईंनी अर्धा निरोप गिळल्यामुळे झाली नाहीत, असं माझं मत आहे.

आता त्या रेघेविषयी. रोज सकाळी साहेबांच्या अंगणात माणसं जमायची. कुणाला बदली हवी, कुणाला विहिरीवर वीज, कुणाच्या पोराला नोकरी. साहेब कुणालाच नाही म्हणत नसत. "माणूस एसटीचा धक्का खात आलाय, त्याला रिकाम्या हातानं कसं लावायचं?" म्हणून प्रत्येकाला पत्र मिळायचं, "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं. पण प्रत्येकाचं काम करण्यासारखं असायचंच असं नाही. तेव्हा साहेबांनी तहसीलपासून जिल्हा कचेरीपर्यंत सगळ्या अधिकाऱ्यांना समजावून ठेवलं होतं, की सहीखाली आडवी रेघ असली तर काम करायचं. नसली तर पत्र ठेवून घ्यायचं, चहा पाजायचा आणि विसरून जायचं. ही रेघ सरळ जायची आणि शेवटाला जराशी वर उचललेली असायची. अशा गोष्टी आमच्याकडे झाकून राहत नाहीत. वर्ष-दोन वर्षांत सगळ्या तालुक्याला रेघ कळली. माणसं पत्र हातात पडलं की मजकूर न वाचता आधी तळ बघायला लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची तर सोयच झाली. एखादी म्हातारी फाटकापर्यंत जाऊन परत यायची, "आरं बाबा, रेघ राह्यली की ह्याला." गफूरभाई तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगायचे, "अम्मा, साहेबांची लकीर चुकून राहत नसती. साहेब मुद्दाम ठेवतात, तवाच ऱ्हाती." आणि साहेबांचा मूड चांगला असला तर तिला पुन्हा आत पाठवायचे.

मी जळकोटचा. तुळजापूरला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. सुनंदाची आणि माझी ओळख झाली, ती पुढं वाढली, आणि एका सोमवारी मी छाती करून साहेबांच्या अंगणात जाऊन बसलो. गफूरभाईंनी विचारलं, "बदली?" मी म्हटलं, "लग्न." ते म्हणाले, "लग्नाला लेटर नसतं, साहेब स्वतः येतात. तारीख सांगा." मी म्हटलं, "तारीख साहेबांनीच द्यायची आहे. मुलगी त्यांची आहे." गफूरभाईंनी पेन खाली ठेवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला रांगेत सगळ्यात शेवटी बसवलं. ती त्यांनी माझ्यावर केलेली मेहरबानी होती, हे नंतर कळलं. शेवटी साहेब दमलेले असत. आत गेल्यावर मी घसा साफ करून बोलायला सुरुवात केली, तर साहेबांनी हात पुढं केला. "अर्ज?" अर्ज नव्हता. मी बाहेर ओट्यावर बसून तो लिहिला, "विषय : विवाहास मान्यता मिळणेबाबत". त्यांनी तो वाचला, "सोबत काय जोडलंय?" असं विचारलं, आणि "ठीक. कळवू" म्हणून मला वाटेला लावलं.

उत्तर जळकोटला टपालानं आलं. "आपला अर्ज विचारात घेण्यात आला. कु. सुनंदा यांचेही म्हणणे ऐकून घेण्यात आले. सदर प्रस्तावास मान्यता देण्यात येत आहे." माझ्या वडिलांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा न लावताच कागदाचा तळ डोळ्याजवळ नेला आणि आईला हाक मारली. "रेघ हाय गं. मांडवाचं बघाय लागतंय." मला तर त्या रेघेचं इतकं अप्रूप वाटलं, की लग्नाच्या फोटोंच्या आधी मी ते पत्र जपून ठेवलं. त्यानंतर मला आलेल्या साहेबांच्या प्रत्येक पत्राला रेघ होती. दिवाळीचं आमंत्रण, रेघ. माझ्या बढतीचं अभिनंदन, रेघ. सुनंदाला येणाऱ्या पत्रांना मात्र ती कधीच नसायची, आणि हे मी तिला वरचेवर दाखवून द्यायचो. "बघ, बापाचा भरवसा लेकीपेक्षा जावयावर जास्त." त्या दिवशी भाजीत तिखट चढायचं.

सासूबाई माकणीच्या. त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी साहेबांकडे एक गोष्ट मागितली. मागितली म्हणजे उंबऱ्याशी गफूरभाईंना उभं न करता स्वतः बैठकीत येऊन मागितली. हळदीपासून पोरगी सासरी जाईपर्यंत दोन दिवस माकणीत राहायचं. गाडी नको, माईक नको, माणसं नकोत. माकणीचा जावई म्हणून राहायचं. "लगीन झाल्यापास्नं तुमी माझ्या माहेरी येक मुक्काम केलेला न्हाय," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ दर येळी तुमच्यासाठी गादी घालतो आन् दर येळी गुंडाळून ठिवतो. मला त्याच्याकडं बघवत न्हाय." साहेबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पत्र दिलं. "सदर विवाहसमारंभास दोन दिवस पूर्णवेळ उपस्थित राहण्याचे निश्चित करण्यात आले आहे." सासूबाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि आत निघून गेल्या.

लग्नसराईत आमदाराला एक लग्न कधीच नसतं. हळदीला साहेब आले नाहीत. लग्नाच्या दिवशी अक्षता वाटून झाल्यावर धुरळा उडवत गाड्या आल्या, कुणीतरी नको तेवढ्या तत्परतेनं त्यांच्या हातात माईक दिला, आणि वधूवरांना शुभाशीर्वाद देता देता साहेब निम्न तेरणा धरणाच्या कालव्याच्या कामावर घसरले. नवरी हार धरून उभी होती. तिचे हात खाली खाली येत होते. मंगलाष्टकं झाल्यावर मेहुण्यानं, म्हणजे नवरीच्या बापानं, टॉवेल-टोपीचा आहेर आणला, तो साहेबांनी गाडीच्या दारात उभं राहून घेतला, पाया पडणाऱ्यांना हात जोडले आणि पुढच्या लग्नाला गेले. ओसरीवर पांढरी चादर घातलेली गादी तशीच होती. संध्याकाळी मेहुण्यानं ती गुंडाळली. सासूबाई दारात उभ्या राहून ते बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला गाडी आली, ती त्यांनी परत पाठवली. दोन दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा रिकामी गेली. मग साहेबांनी जे त्यांना येत होतं ते सुरू केलं. "विषय : स्वगृही परत येण्याबाबत. आपल्या अनुपस्थितीमुळे दैनंदिन कामकाजावर विपरीत परिणाम होत आहे." उत्तर नाही. मग स्मरणपत्र. मग "अंतिम स्मरणपत्र". एखादी कचेरी ऐकत नसली, की वरच्या माणसाचं पत्र आणायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्याप्रमाणे आधी माकणीच्या सरपंचाचं विनंतीपत्र आलं, आणि नंतर चक्क मुंबईहून एका वजनदार मंत्र्याचं. "सौ. कलावतीबाई यांनी सदर प्रकरणी सहानुभूतिपूर्वक विचार करावा." सासूबाईंनी ते वाचलं आणि भावाला म्हणाल्या, "त्यांस्नी कळीव, हितं कुणाची बदली आडली न्हाय." हे सगळं सांगताना आता हसू येतं. तेव्हा सुनंदा हसत नव्हती. तिचा मामा गोठ्याशेजारची खोली बहिणीसाठी चुन्यानं रंगवून घेतोय, हे तिला फोनवर कळलं होतं.

एका रविवारी आम्ही दोघं माकणीला गेलो. सासूबाईंनी आम्हाला जेवू घातलं, आणि जेवणं झाल्यावर आतून एक पत्र्याची पेटी आणली. त्यात साहेबांची पत्रं होती, लग्नापासूनची सगळी. त्यांनी ती सतरंजीवर मांडली, उन्हात वाळवण मांडावं तशी. "बघा जावई," त्या म्हणाल्या. "येकाला तरी रेघ हाय का बघा." मी बघितली. सुनंदानं बघितली. कुठंच नव्हती. गुडघ्याच्या तेलाला नव्हती, आमटीच्या मिठाला नव्हती. एक पत्र घड्या पडून पडून कापडासारखं मऊ झालं होतं. पहिल्याच आमदारकीतलं, रेघ तालुक्याला कळल्यानंतरचं, मुंबईहून पाठवलेलं. "विषय : मुंबई येथील वास्तव्याबाबत. येथे समुद्र आहे. सायंकाळी बरे वाटते. आपण सोबत असता तर अधिक बरे झाले असते. शक्य झाल्यास यावे."

"हे आलं तवा म्या पिशवी भरली व्हती," सासूबाई म्हणाल्या. "दोन लुगडी, चटणी, ह्यांच्यासाठी धपाटी. सासूला सांगितलं, मुंबईला बलीवलंय. मग पुन्हा येकदा वाचावं म्हणून काढलं, तर खाली रेघ न्हाय. मग पिशवी सोडली."

सुनंदानं आईचा हात धरला. सासूबाईंनी तो हळूच सोडवून घेतला आणि पत्रं गोळा करायला लागल्या. "कोण कुठली म्हातारी दारात येती, तिला रेघ मिळती. मला न्हाय. मांडवाचं पत्र दिलं, त्यालाबी न्हाय. मला तवाच कळलं व्हतं, येणार न्हायत. म्या न्हाय रागावले. आता थकले. बिनरेघेच्या माणसाकडं परत जाऊन काय करू, तुमीच सांगा." माझ्या कपाटात रेघवाल्या पत्रांचा गठ्ठा होता आणि त्या क्षणी मला त्याची लाज वाटली.

मी तसाच धाराशिवला जाऊन साहेबांना सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी अर्ज मागितला नाही. पिशवीचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "भरली व्हती?" मी म्हटलं, "हो. आणि सोडली." ते उठले. गफूरभाईंनी सवयीनं लेटरपॅड पुढं केलं. साहेबांनी त्यावरचं पेन तेवढं उचललं, खिशाला लावलं, आणि मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गाडीत जागा हाय का?"

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीवर सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. सुनंदा त्यांच्या शेजारी बसलेली. मामा लगबगीनं गादी आणायला आत वळले, तर सासूबाईंनी त्यांना डोळ्यांनी थांबवलं. साहेब अंगणातच उभे राहिले. हजारोंच्या सभेत हा माणूस कधी अडखळला नव्हता.

"कलावती," ते म्हणाले. हे नाव आम्ही त्यांच्या हातचं पाहिलं होतं, तोंडचं कधी ऐकलं नव्हतं. "रेघ परक्यासाठी असती गं. ह्याचं खरं, त्याचं खोटं, हे कचेरीतल्या सायबाला कळावं म्हणून. घरच्याला रेघ कशाला? घरी बी रेघ मारून सांगायचं का, की म्या खरं लिहितोय?"

सूप थांबलं. "मग येवढी वर्षं हे सांगितलं का न्हाय?"

"तू कधी इचारलं न्हाईस."

"इचारायचं तर आर्ज लिवावा लागला आसता."

साहेब ओसरीच्या कडेला टेकले. सासूबाई आत गेल्या, पेटी घेऊन आल्या आणि ती त्यांच्यापुढं ठेवली. "ओढा," त्या म्हणाल्या.

"आता?"

"आता. इतके दीस तुमच्या पद्धतीनं लिहिलं. आता मला कळंल आसं करा."

साहेबांनी पेन काढलं. पहिलं पत्र गुडघ्याचं, रेघ. आमटीचं, रेघ. समुद्राचं पत्र त्यांनी पुन्हा सगळं वाचलं, गुडघ्यावर सपाट केलं, आणि खाली अशी रेघ ओढली की कागद फाटतो की काय असं मला वाटलं. शेवट नेहमीसारखा वर उचललेला. मग एक पत्र त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. "दिवाळीस निश्चित येत आहे" असं त्यात होतं. थोड्या वेळानं आणखी एक बाजूला. "माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी."

"ह्याला का न्हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"तवा दवाखान्यात व्हतो."

"मला कळीवलं न्हाय."

"तू रडली आसतीस."

सुनंदानं तोंड फिरवलं. साहेब पुढची पत्रं घेत राहिले. काहींना रेघ मिळाली, काही बाजूच्या ढिगात गेली, आणि तो ढीग बराच वाढला. सगळ्यात खाली ते भाचीच्या लग्नाचं पत्र होतं. ते हातात घेऊन साहेब थांबले. त्यांनी ओसरीवरच्या मेहुण्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मला वाटलं, आता तरी हा माणूस राजकारण करील आणि एक रेघ मारून मोकळा होईल. "ह्याला न्हाय," ते म्हणाले आणि पत्र बाजूच्या ढिगावर ठेवलं. "लिहितानाच ठावं व्हतं, जमायचं न्हाय. तुला न्हाय म्हणवलं न्हाय. परक्यासारखं पत्र दिलं तुला."

मला वाटलं, सगळं बिघडलं. पण सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, सूप उचललं आणि पुन्हा ज्वारी पाखडायला लागल्या. जरा वेळानं त्या भावाला म्हणाल्या, "गादी घाल रे. दोन दीस ऱ्हातील हे. मग बघू."

साहेब खरोखर राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी पसरली आणि माकणीची माणसं कागद घेऊन दाराशी आली. सासूबाईंनी त्यांना दारातच सांगितलं, "साहेब धाराशिवात भेटतील. हितं माझ्या भावाचे दाजी हायत." तिसऱ्या दिवशी दोघं एकाच गाडीत घरी परतले. गोठ्याशेजारच्या त्या खोलीत मामांनी पेंड भरली.

आम्ही मात्र रेघा ओढल्या त्याच संध्याकाळी निघालो होतो. लोहारा मागं पडल्यावर सुनंदा एकदम म्हणाली, "म्हणजे तुमच्या पत्रांना जी रेघ असते..." आणि हसायला लागली. तुळजापूर येईपर्यंत ती थांबून थांबून हसत होती. इतकी वर्षं मी तिला चिडवलं होतं. तिनं एका संध्याकाळी सगळी वसुली केली. वरून मीही हसलो, पण मला लागलं होतं. त्यानंतरच्या दिवाळीला साहेबांचं आमंत्रण आलं, तेव्हा मी आधी तळ बघितला. ठसठशीत रेघ होती. मी ते पत्र गठ्ठ्यात टाकलं आणि गठ्ठा कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवला.

आता साहेब आमदार नाहीत. तिकीट दुसऱ्याला गेलं, आणि मग उजवा हात थरथरायला लागला. लेटरपॅड जुनंच आहे. "आमदार"च्या आधी गफूरभाई आपल्या छापील अक्षरात "माजी" घालतात. अंगणात कधी दोन माणसं असतात, कधी एकही नसतं. नव्या अधिकाऱ्यांना रेघ माहीत नाही, त्यांची कामं मोबाईलवर होतात. तरी कुणी म्हातारं-कोतारं येतंच. साहेब सही करायला घेतात तेव्हा सासूबाई शेजारी बसून कागद दोन्ही हातांनी धरून ठेवतात. सही झाली की विचारतात, "रेघ?" साहेबांनी मान डोलावली तर पेन घेऊन त्याच रेघ ओढतात. आधी ती पट्टीनं मारल्यासारखी सरळ यायची. आता शेवटाला जराशी वर जाते. साहेबांनी नको म्हटलं तरी एखाद्या म्हातारीसाठी त्या त्यांची नजर चुकवून ओढतात. साहेबांना ते दिसतं. ते खिडकीबाहेर बघतात.

गेल्या महिन्यात आम्ही दोन दिवस जाऊन आलो. निघताना साहेबांनी गफूरभाईंना कागद घ्यायला सांगितलं. हळूहळू, शब्दाशब्दाला थांबत त्यांनी सांगितलं, "विषय : येण्याबाबत. जावईबापू, आपण आलात, बरे वाटले. मुलांना सुट्ट्या लागताच पुन्हा यावे. वाट पाहत आहे." सासूबाईंनी कागद धरला. सही व्हायला वेळ लागला. अक्षरं रस्ता चुकल्यासारखी वरखाली गेली. मग सवयीनं त्यांनी पेन हातात घेतलं आणि साहेबांकडे बघितलं. "रेघ?"

साहेबांनी मान हलवली. नाही.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. मी पत्र घेतलं, दोघांच्या पाया पडलो आणि बाहेर आलो. मला तिथं आणखी थांबणं जमलं नसतं. गाडीत बसल्यावर सुनंदानं हात पुढं केला, "बघू, काय लिहिलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "घरचं आहे."